हवेचं भोक

रविवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी सहा नंबरचा बोर्ड फुटला. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका टिनाच्या शेडपुढे, दोन लाकडी घोड्यांवर तो आडवा ठेवलेला होता. त्याला कोणी हात लावला नव्हता. जवळपास कोणी उभंही नव्हतं. एप्रिलचा तिसरा आठवडा होता, पारा चव्वेचाळीसवर होता, आणि वाळलेली फळी गुडघ्यावर मोडावी तसा एकच आवाज झाला.

पियुष आत वल्ह्याचा दांडा घासत होता. तो बाहेर आला तेव्हा बोर्ड जागच्या जागीच होता, फक्त डाव्या कडेचा सांधा हातभर उकलला होता. त्यानं फटीशी तळवा धरला. आतून गरम हवा येत होती, इस्त्रीजवळ हात नेल्यासारखी.

उभं राहून वल्हवायचे असे सहा बोर्ड त्यानं गेल्या चार महिन्यांत केले होते. प्रत्येक साडेदहा फूट लांब, अडीच फूट रुंद. बाजारात मिळतात ते बहुतेक फोमचे असतात. काहींवर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, तेवढंच त्यांचं लाकूड. पियुषला ते खोटं वाटलं. त्यानं पोकळ बोर्ड केले. मधे प्लायवुडचा कणा, त्याला माशासारख्या बरगड्या, त्यावर शिवण या झाडाच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, कडेनं सागाची एक गडद पट्टी, वर काचेचं कापड आणि इपॉक्सी, शेवटी उन्हाला टिकणारं वार्निश. वजन चौदा किलो. दोन बोटांवर तोलून दाखवावा असा.

पोकळ बोर्डाची अट एकच असते. आतली हवा तापली की फुगते, आणि तिला बाहेर पडायला वाट लागते. म्हणून पियुषनं प्रत्येक बरगडीला भोकं ठेवली होती आणि वरच्या अंगाला एक पितळी चकती बसवली होती. चकतीच्या मधोमध सुईएवढं छिद्र. त्याखाली रुपयाएवढं गोल कापड, हवा जाऊ देणारं आणि पाणी अडवणारं. ते त्यानं पुण्याहून मागवलं होतं.

त्यानं सहा नंबरच्या चकतीवर ओठ टेकवले आणि फुंकलं. गाल फुगले. हवा आत गेली नाही.

त्यानं चकती उघडली. कापड नव्हतं. भोकात लाकडाच्या रंगाची पुट्टी बसली होती, इतक्या सफाईनं की भोक कुठे संपतं आणि लाकूड कुठे सुरू होतं ते नखालाही कळत नव्हतं. भुसा, इपॉक्सी आणि चिमूटभर गेरू असं ते मिश्रण. अकोल्यात ते इतकं नेमकं जमवणारा एकच माणूस होता, आणि तो या क्षणी शेडच्या सावलीत खाटेवर बसून फुटलेल्या बोर्डाकडे बघत होता.

"मामाजी," पियुष म्हणाला, "ह्याच्यात पुट्टी कोनं भरली?"

"म्या. काहून?" किसनराव म्हणाले.

किसनराव त्याचे सासरे. चाळीस वर्षं पॉलिशचं काम. लग्नातले पलंग, वकिलांची कपाटं, देव्हारे. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत त्यांच्या हाताची चमक अजून शाबूत होती. बोर्डांना अक्रोडी रंग द्यावा असा त्यांचा आग्रह होता. गडद रंग ऊन ओढतो म्हणून पियुषनं तो मोडून काढला होता आणि त्यांनी ते निमूट ऐकलं होतं. त्यानंतर पॉलिशच्या बाबतीत पियुष एक शब्द बोलला नव्हता.

"सगळ्याइले भरली?"

"सहाच्या सहा." किसनरावांनी बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत कापडाचे सहा गोल तुकडे होते. "ह्या चिंद्या राह्यल्या व्हत्या आतमंदी. म्हनलं तुमाले लागतीन."

पियुषनं एक तुकडा उचलून उजेडात धरला आणि परत पुडीत ठेवला.

"पान्यात जानाऱ्या वस्तूले भोक, जवाईबापू," किसनराव म्हणाले. "आन् वरून आपली पोट्टी उभी राहनार. म्हनलं घाईत इसरले असान तुमी. तोंडावर कसं सांगाचं? बुजवून टाकलं."

जावयाची चूक तोंडावर काढायची नाही, गुपचूप सावरून घ्यायची, असं किसनराव मानत होते. आणि लाकडाबद्दल मामाजींना काही समजावून सांगणं हा उद्धटपणा आहे, असं पियुष मानत होता. बुधवारी त्यानं सहाही चकत्या फुंकून बघितल्या होत्या. गुरुवार-शुक्रवार पॉलिश झालं. शनिवारी सकाळी, टेम्पो भरताना, तपासणीच्या कागदावर 'हवेचे छिद्र मोकळे' या ओळीपुढे त्यानं खूण केली आणि सही केली. पुन्हा फुंकून बघितलं नाही. मामाजी शेजारी उभे होते. त्यांच्या कामाला त्यांच्या देखत तोंड लावून तपासणं बरं दिसलं नसतं.

सहा नंबरला टेम्पोत चढवताना ओरखडा आला म्हणून तो मागे राहिला. उरलेले पाच पातूरच्या पुढच्या धरणावर होते. आज संध्याकाळी पाच वाजता तिथल्या जलविहार केंद्राचं उद्घाटन होतं आणि पाहुण्यांसमोर पहिली फेरी पाच नंबरच्या बोर्डावरून मारायची होती सीमानं. सीमा म्हणजे किसनरावांची मुलगी आणि पियुषची बायको. शाळेत खेळाची शिक्षिका, जिल्ह्याकडून पोहलेली.

"मामाजी, बोट घाला इथं," पियुष म्हणाला.

किसनरावांनी उकललेल्या सांध्यात बोट घातलं आणि लगेच काढलं.

"हा फुटला त्याचा आवाज तरी आला," पियुष म्हणाला. "तिथल्याइले आवाज न करता बारीक तडा गेला असन तर दिसनार नाही. बोर्ड उन्हात तापला, तसाच पान्यात टाकला, तं आतली हवा थंडी होऊन आकसते. मंग ते त्या तड्यातून पानी ओढते. पिचकारी ओढल्यासारखं."

किसनराव बोटाकडे बघत राहिले. "भोक नाही म्हनून पानी शिरन?"

"हो."

"बाप्पा," किसनराव म्हणाले.

सीमाचा फोन बंद होता. पियुषनं कुंदाताईंना लावला. कुंदा देशमुख या केंद्राच्या चालक, अमरावतीच्या वकील घराण्यातल्या; बोर्ड फोमचे न घेता इथल्या लाकडाचे घ्यायचे हा निर्णय त्यांचा होता आणि त्यासाठी त्या तीन बैठकांत भांडल्या होत्या.

"पियुष, माझ्याकडे एक मिनिट आहे. एका वाक्यात सांगा."

"ताई, बोर्डांचं हवेचं भोक बंद झालंय, त्यामुळे त्यांच्यात पाणी शिरू शकतं."

पलीकडे लाऊडस्पीकरची चाचणी चालू होती. हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग.

"भोक बंद झालंय म्हणून पाणी शिरेल," कुंदाताईंनी वाक्य परत म्हटलं. "तुम्ही उन्हात आहात का?"

"ताई, सीमाला फोन द्या."

"सगळ्यांचे फोन ऑफिसात जमा आहेत. आणि तुमच्या सहीचा कागद माझ्या फाइलीत आहे. त्यावर छिद्र मोकळं आहे असं लिहिलंय. कालचं खरं धरू का आजचं?" मग त्या म्हणाल्या, "इथे येऊन दाखवा. दिसलं तर मी थांबवीन." फोन बंद झाला.

तीन पस्तीसला ते मोटरसायकलवरून निघाले. बॅटरीवरची ड्रिल मशीन किसनरावांनी मांडीवर घेतली होती. येऊ नका म्हटल्यावर ते एवढंच म्हणाले होते, "भोक कुठं व्हतं थे तुमाले सापडनार नाही. म्या बुजवेल हाये." ते खरं होतं. चकती काढल्यावर खाली सलग लाकूड दिसत होतं, आणि जागा एका सुतानं चुकली तर ड्रिल बरगडीत गेलं असतं.

रस्त्यावर डांबर पाघळलं होतं. पातूरच्या अलीकडे पाहुण्यांच्या गाड्यांसाठी वाहनं थांबवली होती. पुढे कापसाच्या गठाणींचा ट्रक, मागे एसटी, दोन्ही बाजूंना काटेरी तार. मोटरसायकल काढायला हातभर जागा नव्हती. सतरा मिनिटं ते तिथेच उभे होते. किसनराव मागून फक्त एकदा बोलले.

"तिच्या पायाले दोर बांधते ना?"

"बांधते."

"सोडता येते?"

"येते. पाय वाकवून मागून बक्कल काढा लागते."

तो दोर पियुषनंच केला होता. बोर्ड वाऱ्यानं लांब जाऊ नये म्हणून घोट्याला बांधायचा. सीमाच्या अंगात जाकीट असणार होतं, तिला पोहता येत होतं. मोकळ्या पाण्यात बोर्ड बुडाला तरी तिला काही झालं नसतं. पण हे धरण भरलं तेव्हा खालची बाभळीची झाडं कोणी तोडली नव्हती. फेरीच्या टोकाला तरंगत ठेवलेल्या नारिंगी बोयाच्या आसपास, पाण्याखाली पुरुषभर, त्यांची खोडं अजून उभी होती. जड झालेला बोर्ड तिथे खाली गेला आणि दोर खोडाला अडकला, तर जाकीट वर ओढणार होतं आणि दोर खाली. हे पियुषच्या डोक्यात आलं आणि मग ते तिथून गेलंच नाही.

चार सव्वीसला ते धरणावर पोचले. बांबूच्या बल्ल्या लावून काठ अडवला होता. बल्लीपाशी हवालदार होता, छातीवरच्या पट्टीवर नाव नागसेन तायडे.

"पास?"

"पास नाही. बोर्ड मी बनवले हाये. मले आत जाऊ द्या."

"अन् हे काय?"

"ड्रिल मशीन."

"कायले?"

"बोर्डांना भोकं पाडाची हाये."

नागसेन तायडेंनी दोघांना खालून वर बघितलं. "पान्यात उभे हाये बोर्ड. त्याईले भोकं पाडाले आले तुमी?"

"भोकं नाही म्हनून बुडतीन ते."

"काका," हवालदार किसनरावांना म्हणाला, "ह्याले पानी पाजा. डोक्शावर टाका थोडं."

"खरं बोलून राह्यले ते," किसनराव म्हणाले.

"तुमी कोन?"

"म्या सासरा. भोकं मीच बुजवेल हाये."

"मंग तं तुमीच शहाने निंगाले!" हवालदार म्हणाला, पण वॉकीटॉकीवर त्यानं मॅडमना निरोप मात्र दिला. मशीन त्यानं आपल्या खुर्चीखाली ठेवली.

बल्लीपासून पाणी शंभर पावलांवर होतं. धक्क्याला चार बोर्ड बांधलेले दिसत होते. वार्निश इतकं झळकत होतं की त्यात मंडपाचे लाल-पिवळे पट्टे उमटले होते. पाचवा बोर्ड तिथे नव्हता. तो पाहुणे येण्याआधीच्या सरावासाठी पाण्यात, बोयाच्या वाटेवर होता, आणि त्यावर निळ्या जाकिटातली सीमा उभी होती. ढोल-ताशाची ध्वनिफीत मोठ्यानं चालू होती. पियुषनं तोंडाभोवती हात धरून तिचं नाव घेतलं. त्याला स्वतःलाही ते नीट ऐकू आलं नाही.

कुंदाताई आल्या तेव्हा चार अडतीस झाले होते.

"दाखवा," त्या म्हणाल्या.

"ताई, दुपारी बोर्ड कुठे ठेवले होते?"

"मंडपात. फोटोसाठी ओळीनं."

"पाण्यात कधी टाकले?"

"सव्वाचारला."

"एक उचलून हलवा. आत पाणी असलं तर आवाज येईल."

त्यांनी कटकट केली नाही, हे पियुषला नंतरही मान्य करावं लागलं. त्यांनी दोन माणसांना एक नंबरचा बोर्ड बाहेर काढायला लावला, बल्लीपाशी आणवला, डावीकडे-उजवीकडे कलंडवला. पियुषनं कान लावला. आत काही नव्हतं. कडेचे सांधे त्यानं बोटानं चाचपले. एकही उकललेला नव्हता. त्यानं चकतीवर फुंकलं. हवा गेली नाही, पण फुंकल्यावर हवा न जाणं हा कुणाला दाखवायचा पुरावा नव्हता.

"कोरडा आहे," कुंदाताई म्हणाल्या.

"हा सावलीत होता."

"सगळे मंडपातच होते."

"पाचही?"

कुंदाताईंनी मागे वळून मंडपाकडे बघितलं. मंडप चाळीस फुटी होता. मधे प्रत्येकी दोन फूट जागा सोडून आडवे मांडलेले तीन बोर्ड त्यात मावत होते. चौथ्याचं जेमतेम टोक. "पाचवा बाहेर होता," त्या म्हणाल्या.

"म्हणजे उन्हात."

"पियुष, ऐका. एक बोर्ड तुमच्या सांगण्यावरून काढला, तो ठणठणीत निघाला. पंधरा मिनिटांत पाहुणे येतायत. मी त्यांना काय सांगू?"

"बाई," किसनराव पुढे झाले. त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला होता. "त्याईची चूक नाही. भोक त्याईनं ठुलं व्हतं. म्या बुजवलं."

"म्हणजे बोर्डाला भोक होतं आणि तुम्ही ते बंद केलंत."

"हो."

"मग चांगलंच केलंत, आजोबा."

हवालदारानं मान डोलावली. बोर्ड धरून उभी असलेली दोन माणसंही हसली. किसनराव त्या सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत राहिले.

"मीबी असंच म्हनलो व्हतो," ते म्हणाले.

पियुष पाण्याकडे बघत होता. बोर्डाच्या कडेनं जाणारी सागाची पट्टी त्यानं शोभेसाठी बसवली नव्हती. सीमाच्या वजनाचं माणूस उभं असलं की ती पट्टी पाण्यापासून चार बोटं वर राहायला हवी होती. अमरावतीच्या तळ्यावर त्यानं तीनदा मोजून ती जागा ठरवली होती. आता सीमा बोयाला वळसा घालत होती आणि बोर्डाची बाजू काठाकडे आली होती. शेपटीकडे पट्टी नीट दिसत होती. नाकाकडे ती पाण्याला जवळजवळ टेकली होती.

"ताई, ती गडद रेघ बघा. मागे वर आहे, पुढे खाली. बरगड्यांना भोकं आहेत, आत आलेलं पाणी पुढे धावतंय."

कुंदाताईंनी डोळ्यांवर हात धरला. रेघेचं मागचं टोक बघितलं, मग पुढचं. मग त्यांनी वॉकीटॉकी उचलला. "बचावाची बोट पाठवा. बोयापाशी. लगेच."

उत्तर खरखरत आलं. बोट पलीकडच्या काठावर गेली होती. पाहुणे बोटीतून येणार, असं सकाळीच ठरलं होतं. ते अजून गाडीतून उतरले नव्हते.

"पाहुण्यांना थांबू द्या, बोट सोडा."

"मॅडम, सायब म्हनतेत थांबा. दोनच मिनिटं."

पियुषनं बल्लीखालून डोकं घातलं. हवालदाराचा हात त्याच्या खांद्यावर पडला आणि तिथेच राहिला. हवालदार पियुषकडे बघत नव्हता. तो पाण्यावरच्या त्या गडद रेघेकडे बघत होता.

"कितीक अंतर असन?" त्यानं विचारलं.

"तीनशे मीटर."

"पोहता येते तुले?"

"विहिरीत."

हवालदारानं हात काढला आणि बल्ली वर उचलली. "मंग पोहू नको. हा घेऊन जाय," तो म्हणाला, आणि एक नंबरच्या बोर्डाकडे हनुवटी केली. कुंदाताईंनी नाही म्हटलं नाही.

खुर्चीखालची ड्रिल मशीन किसनरावांनी आधीच काढली होती. ते वाळूत गुडघ्यांवर बसले, चष्मा कपाळावर सरकवला, चकती उघडली आणि डोळे मिटून अंगठा लाकडावरून फिरवला. एकदा. दोनदा. अंगठा थांबला तिथे त्यांनी टोक टेकवलं. मशीन चार सेकंद फिरली. लाकडाच्या रंगाचा भुसा बाहेर पडला आणि भोकातून बारीक फुस्स असा आवाज आला. किसनरावांनी पुडीतलं एक गोल कापड त्यावर दाबलं, चकती फिरवली.

"जा," ते म्हणाले. जवाईबापू म्हणाले नाहीत.

चार एकावन्नला पियुष पाण्यात शिरला. उभं राहून वल्हवणं त्याला कधी नीट जमलं नव्हतं. तो गुडघ्यांवर बसला. वारा समोरून होता. दहा-बारा वल्ही मारली की बोर्डाचं नाक डावीकडे जाई, ते सरळ करण्यात एक वल्हं वाया जाई. जाकीट घालायचं राहून गेलं होतं, हे त्याला काठ मागे पडल्यावर कळलं. मागून ढोल-ताशा येतच होता. मग तो मधेच बंद झाला आणि कुंदाताईंचा आवाज लाऊडस्पीकरवर आला, "सीमा, परत या. सीमा, लगेच परत या." वाऱ्यानं त्यातलं अर्धं मागे नेलं.

सीमानं मान वळवली. तिला पियुष दिसला असावा. तिनं वल्हं डोक्यावर उचलून हलवलं. पाहुणे आले, तयार आहेस का, असं काठावरून विचारल्यावर 'तयार' म्हणायची हीच खूण कुंदाताईंशी ठरली होती. मग तिनं बोयाभोवतीचा दुसरा वळसा सुरू केला.

"दोर सोड!" पियुष ओरडला. "सीमा, पायाचा दोर सोड!"

तिनं कानाशी हात नेला. ऐकू येत नाही, अशी खूण केली.

पलीकडच्या काठावर बचावाची बोट होती तिथेच होती. तिच्यात कोणीतरी पांढऱ्या कपड्यातलं पाय टाकत होतं आणि दोन माणसं त्याचा हात धरत होती.

चार अठ्ठावन्नला दोघांमध्ये सुमारे सव्वाशे मीटर अंतर होतं. पाच नंबरच्या बोर्डाची सागाची पट्टी शेपटीकडे अजून चार बोटं वर दिसत होती. नाकाकडे ती दिसत नव्हती. सीमा उभी होती.